जुने गोवे : बसून पाहण्याचे शहर

ज्येष्ठांच्या सहलीची आखणी ठिकाणांच्या यादीऐवजी त्यांच्या दिनक्रमावरून केली, तर भंडाऱ्याहून गोवाही दूर वाटत नाही. शतकांपूर्वीची भव्य चर्च, रोगराईने ओस पडलेली एक राजधानी आणि ती पाहायला जाणाऱ्या वृद्धांनी व त्यांच्या सोबत्यांनी घ्यावयाची काळजी यांविषयी.

दिवाळी आटोपली, धानाची कापणी-मळणी उरकली की भंडारा जिल्ह्यातील अनेक घरांत सहलीचे बेत सुरू होतात. मुलांना नाताळची सुटी जवळ आलेली असते, हवा प्रसन्न असते आणि गोव्याचे नाव ओघानेच पुढे येते. त्याच वेळी घरातील सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांचा प्रश्न उभा राहतो. बहुधा दोहोंपैकी एक निर्णय होतो. ‘आता त्यांना कुठे झेपणार’ असे म्हणून त्यांना घरी ठेवले जाते. किंवा चार दिवसांत बारा ठिकाणे दाखविणाऱ्या गाडीत त्यांना बसविले जाते आणि ते प्रत्येक थांब्यावर गाडीतच बसून राहतात. पहिल्या निर्णयात त्यांची इच्छा विचारलेली नसते, दुसऱ्यात त्यांची शक्ती लक्षात घेतलेली नसते. वैनगंगेच्या आणि तलावांच्या काठी सारे आयुष्य गेलेल्या कित्येक वृद्धांना समुद्र एकदा डोळ्यांनी पाहावासा वाटतो. ते बोलून दाखवीत नाहीत, एवढेच.

या दोन टोकांच्या मधला मार्ग आहे. कमी ठिकाणे निवडावीत, ती बसून आणि मनसोक्त पाहावीत. अशा पाहण्यासाठी जुन्या गोव्याइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल.

सपाट भूमी, जवळजवळच्या वास्तू

पणजीपासून सुमारे दहा किलोमीटरवर, मांडवी नदीच्या काठी जुने गोवे वसले आहे. आफोन्सो द आल्बुकेर्क या पोर्तुगीज सेनानीने १५१० साली हे शहर विजापूरच्या आदिलशाहीकडून जिंकले आणि पुढे ते पूर्वेकडील पोर्तुगीज सत्तेची राजधानी झाले. येथील चर्च आणि मठ यांचा समूह १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. प्रमुख वास्तू एकाच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, भोवती हिरवळ आहे आणि त्यांच्यामधली वाट बव्हंशी सपाट आहे. त्याहूनही मोठी सोय अशी की, चर्चमध्ये बाकांच्या रांगा असतात. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला पाठ टेकून, सावलीत, कोणाच्या धक्क्याबुक्क्यांविना वास्तू पाहता येते.

पहिले दर्शन बॉम जेझूस बॅसिलिकाचे घ्यावे. तिचे बांधकाम १५९४ साली सुरू झाले आणि १६०५ साली ती उपासनेसाठी खुली झाली. इतर चर्च पांढरीशुभ्र असताना हिचा दर्शनी भाग तांबूस जांभ्या दगडाचा दिसतो, कारण विसाव्या शतकाच्या मध्यास तिच्यावरचा चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. आत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव चांदीच्या पेटीत जतन केलेले आहे. १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर त्यांचे निधन झाले आणि १५५४ साली त्यांचा देह गोव्यात आणला गेला. ती चांदीची पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडविली. पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर ठेवली आहे, तो तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने पाठविलेला. फ्लॉरेन्सच्या शिल्पकाराचे हे काम १६९८ साली येथे बसविण्यात आले. पेटी उंचावर आहे. ती पाहण्यासाठी मान फार वेळ वर करून उभे राहू नये. थोडे दूर, बाकावर बसून ती चांगली दिसते.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल लागते. १५६२ साली आरंभ झालेल्या या विशाल वास्तूचे मुख्य बांधकाम १६१९ मध्ये संपले. समोरून पाहणाऱ्याला ती एका अंगाने अपुरी वाटते, कारण तिच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला आणि पुन्हा कधीच उभारला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोन्याची घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. मुख्य वेदीवर संत कॅथरिनच्या जीवनातील प्रसंग कोरले आहेत. १५१० साली शहर जिंकले गेले तो दिवस याच संताच्या सणाचा होता.

शेजारीच संत फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आहे. त्याच्या लगतच्या जुन्या मठात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. ते शुक्रवारी बंद असते. या चर्चच्या फरशीत जुन्या थडग्यांच्या कोरीव शिळा बसविलेल्या आहेत, त्यामुळे काही ठिकाणी पावलाखालची जमीन उंचसखल लागते. काठीचे टोक टेकताना जपावे.

अंगात उत्साह उरला असेल तर रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या धर्तीवर सतराव्या शतकात बांधलेले संत कायतानचे चर्च पाहावे. त्याचा घुमट पाहताना विशेष सांभाळावे. उतारवयात मान मागे टाकून वर पाहिल्याने अनेकांना चक्कर येते. बाकाच्या पाठीला डोके टेकवावे आणि मग घुमट पाहावा; सोबतच्या व्यक्तीने बाजूला बसावे. संत ऑगस्टीनच्या चर्चचा भग्न मनोरा टेकडीवर आहे. त्या मठाचे छत १८४२ साली कोसळले. वाट चढाची व खडबडीत असल्याने ज्यांना चालणे जड जाते त्यांनी तो गाडीतूनच पाहावा. त्या मनोऱ्यातील घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. दुसऱ्या दिवशी तिची भेट होईल.

पाण्याने मारलेली राजधानी

एवढी प्रचंड चर्च आणि भोवती वस्ती मात्र तुरळक, हे दृश्य पाहून कोणालाही प्रश्न पडतो की, शहर गेले कोठे? गोवा पाहिले त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, अशी म्हण ज्या नगरीबद्दल होती, ती ओस का पडली? सत्तेची घसरण, डचांची स्पर्धा ही कारणे खरीच. परंतु आरोग्याच्या वाचकाने ध्यानात ठेवावे असे कारण म्हणजे रोगराई. पटकी आणि हिवताप यांनी हे शहर पुन्हा पुन्हा पोखरले. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्यात सांडपाणी मुरत गेले आणि त्याच जमिनीतल्या विहिरींचे पाणी लोक पीत राहिले, असे इतिहासकार सांगतात. व्हाइसरॉयने १६९५ च्या सुमारास आपले निवासस्थान शहराबाहेर पणेली येथे हलविले, १७५९ साली ते पणजीला गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. लोक गेले, चर्च तेवढी मागे राहिली.

या कहाणीत एक मराठी-कोकणी शब्द दडलेला आहे. १५४३ साली गोव्यात आलेल्या भयंकर साथीचे वर्णन करताना पोर्तुगीज लेखक गास्पार कोरैया याने स्थानिक लोक त्या रोगाला देत असलेले नाव नोंदविले, ते म्हणजे ‘मोडशी’. पुढे हा शब्द विकृत होत होत युरोपीय भाषांतील वैद्यकीय लिखाणात शिरला. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापून प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे तपशीलवार वर्णन केले आहे. भारतातील औषधी वनस्पती, मसाले आणि फळे यांची चर्चा संवादरूपाने करणारा तो ग्रंथ युरोपला पौर्वात्य औषधींची ओळख करून देणारा ठरला. ऑर्ता १५३४ साली गोव्यात आला होता आणि येथील हिंदू व मुसलमान वैद्यांकडून त्याने पुष्कळ काही शिकून घेतले होते.

आपल्या जिल्ह्यातही पावसाळ्यात विहिरींचे पाणी गढूळ होते आणि गावोगावी अतिसाराची लागण होते. पाणी उकळून पिण्याचा सल्ला ज्या घरांत अजून कंटाळवाणा वाटतो, तेथील नातवंडांना आजोबांनी या ओस शहराची गोष्ट जरूर सांगावी.

सौंदर्यामागचा काळोख

चर्चची कलाकुसर पाहताना त्या काळाची दुसरी बाजूही विसरू नये. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी आणि बारदेश या भागांतील देवळे पाडली गेली. अनेक कुलदैवतांच्या मूर्ती भाविकांनी रातोरात नदीपलीकडे, आजच्या फोंडा परिसरात नेल्या. महाराष्ट्रातील पुष्कळ कुटुंबे आज ज्या मंगेशीच्या दर्शनाला जातात, ते दैवतही असेच साष्टीतून स्थलांतरित झालेले. १५६० साली सुरू झालेले इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. ज्यू वंशाच्या गार्सिया द ऑर्ताचा देह मृत्यूनंतरही त्यातून सुटला नाही. १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

त्याच गोव्याने मराठी भाषेला एक अनोखा ग्रंथही दिला. १५७९ साली आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स येथे राहून मराठी शिकले आणि त्यांनी ओवीछंदात ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली साष्टीतील राशोल येथे छापले गेले. पोथ्या-पुराणे ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या आजींना हा ओव्यांचा दुवा चर्चच्या बाकावर बसून सांगितला, तर परकी वास्तू एकदम ओळखीची वाटू लागते. वृद्धांना गोष्टीसह पाहिलेले अधिक काळ स्मरते. म्हणून सहलीपूर्वी घरातील एखाद्या तरुणाने ही माहिती वाचून ठेवावी आणि तेथे सावकाश सांगावी.

पणजीतील संथ दिवस

दुसऱ्या दिवशी पणजीत राहावे. जुन्या गोव्याहून येणारा रस्ता रायबंदरजवळ ज्या लांबच लांब दगडी बांधावरून जातो, तो १६३०च्या दशकात बांधलेला आहे. गाडीत बसूनच तो पाहावा. शहराच्या मध्यभागी अवर लेडी ऑफ द इमॅक्युलेट कन्सेप्शनचे पांढरे चर्च आहे. १५४१ साली येथे छोटे प्रार्थनाघर होते. समोरचा नागमोडी जिना छायाचित्रांत सुंदर दिसतो, पण वृद्धांनी तो चढण्याचा हट्ट धरू नये. खालच्या चौकातून त्याचे रूप अधिकच खुलते. ऑगस्टीनच्या मनोऱ्यातील घंटा येथेच टांगलेली आहे. चर्चजवळच्या उद्यानाला गार्सिया द ऑर्ताचे नाव आहे. ज्या वैद्याच्या अस्थी जाळल्या, त्याच्या नावाच्या झाडांखाली आज लोक विसावा घेतात.

मांडवीच्या काठावर, आदिलशहाच्या जुन्या वाड्याशेजारी, हात पसरून एका स्त्रीला संमोहित करणाऱ्या पुरुषाचा पुतळा दिसतो. तो आबे फारिया यांचा. १७५६ साली कांदोळी येथे जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूंनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. त्याचे रहस्य चुंबकीय शक्तीत नसून ज्याला संमोहित केले जाते त्याच्या मनात आहे, असे त्यांनी प्रतिपादले. याच पणजीत १८४२ साली वैद्यकीय शिक्षणाची शाळा सुरू झाली. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांत तिची गणना होते. आजचे बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हा तिचाच वारसा. संध्याकाळी मिरामारला समुद्र पाहावा. भुसभुशीत वाळूत गुडघे आणि घोटे लवकर थकतात, म्हणून कठड्यालगत बसूनही समुद्र पाहता येतो. ज्यांना पाण्यात पाय भिजवायचे असतील त्यांनी दोन्ही बाजूंनी आधार घेऊन ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे.

कोरडी हवा आणि दमट हवा

आपण विदर्भातील माणसे उन्हाला सरावलेली असतो, हा समज गोव्यात फसवा ठरतो. आपल्याकडची उष्णता कोरडी असते. घाम येतो आणि लगेच वाळतो, त्यातून शरीर थंड होते. किनाऱ्यावर हवेत बाष्प असल्याने घाम वाळत नाही, अंगावर ओघळत राहतो आणि शरीराची उष्णता पुरेशी बाहेर पडत नाही. त्यातच जानेवारीत भंडाऱ्यात शाल पांघरून निघालेला माणूस गोव्यात तीस अंशांवरच्या दुपारी उतरतो. वृद्धांची तहानेची जाणीव मंदावलेली असते. त्यामुळे तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी घेत राहावे. मात्र हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी प्रवासातील प्रमाण आधीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या प्रवासाची अडचण म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण अनेक कुटुंबांत आहेत. शरीरातील पाणी कमी होणे हे त्यांच्या तीव्र वेदनांचे एक प्रमुख कारण असते, हे सोबतच्या सर्वांना ठाऊक असावे.

आणखी एक धोका चर्चच्या दाराशी असतो. बाहेर लख्ख ऊन आणि आत मंद उजेड. वयस्कर डोळ्यांना अंधाराशी जुळवून घ्यायला तरुणांपेक्षा बराच अधिक वेळ लागतो आणि नेमका त्याच वेळी उंबरठा किंवा पायरी पायाखाली येते. दाराच्या आत एक-दोन मिनिटे थांबावे, नजर स्थिरावली की मगच पुढे जावे.

निघण्यापूर्वी

लांबच्या प्रवासाआधी घराजवळ एक रंगीत तालीम करावी. पवनीला एक दिवस जावे, तेथील जुनी तटबंदी व दरवाजा पाहावा, वैनगंगेच्या घाटावर बसावे. किती वेळाने पाय दुखू लागतात, किती वेळाने लघवीला जावे लागते, दुपारची झोप चुकली तर चिडचिड होते का, हे सारे त्या एका दिवसात कळते. गोव्याची आखणी त्यावरूनच करावी.

वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून मुंबईकडे जाऊन कोकण रेल्वेने पुढे जाता येते. नागपूरहून विमानाचाही पर्याय आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना करमळी हे स्थानक जुन्या गोव्याला सर्वांत जवळचे. गाडी बदलावी लागत असेल तर मध्ये एक रात्र मुक्काम करावा. आरक्षण करताना वय अचूक लिहावे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना उपलब्धतेनुसार खालचा बर्थ देण्याची तरतूद रेल्वेने केलेली आहे. प्रवासात दर तासा-दीड तासाने घोटे वर-खाली हलवावेत, शक्य असेल तेव्हा आधाराने चार पावले चालावीत. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. औषधे, इन्शुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हाताजवळच्या पिशवीत असावी, मोठ्या सामानात नव्हे.

आहाराची चिंता फारशी नसते. भात आणि मासळी हे भंडाऱ्याचेही अन्न आहे. गोव्यातील उकड्या तांदळाचा जाडसर भात, नारळाची आमटी आणि कोकमाची सोलकढी आपल्या लोकांना रुचते. ज्यांना युरिक ॲसिडचा त्रास आहे किंवा ज्यांनी शिंपल्यांसारखे समुद्री पदार्थ पूर्वी कधी खाल्ले नाहीत, त्यांनी ते प्रवासात प्रथमच खाऊन पाहू नयेत.

सोबत जाणाऱ्यांसाठी

सहलीत वृद्धांइतकाच त्यांची देखभाल करणाराही दमतो, आणि बहुधा ती घरची सून किंवा लेक असते. दोन-दोन तासांच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात. एकाने आजींजवळ बसावे, इतरांनी ऑगस्टीनचा मनोरा चढून यावा. मग अदलाबदल करावी. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव, सोबत्याचा दूरध्वनी आणि निवासाचा पत्ता लिहिलेले कार्ड ठेवावे. अनोळखी खोलीत रात्री मंद दिवा व शौचालयाची वाट मोकळी असावी. अडचण आल्यास गोव्यातही १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

‘मी इथेच बसते, तुम्ही जाऊन या’ असे आजी म्हणाल्या, तर ते रुसणे समजू नये. तो त्यांचा निर्णय आहे. ज्यांना बाकावर शांत बसून एकच कोरीव वेदी अर्धा तास पाहायची आहे, त्यांची सहल अपुरी राहिली असे मानण्याचे कारण नाही.

तीन दिवसांची सोपी आखणी

पहिला दिवस : पोहोचून विश्रांती. सायंकाळी मांडवीकाठी थोडा वेळ.

दुसरा दिवस : सकाळी नऊला जुने गोवे. बॉम जेझूस, से कॅथेड्रल, संत फ्रान्सिस. साडेअकराला परत. जेवण, झोप. सायंकाळ मोकळी.

तिसरा दिवस : सकाळी पणजीचे चर्च खालून, उद्यान, आबे फारिया यांचा पुतळा. सायंकाळी मिरामारचा समुद्र.

ज्यांना मंगेशीचे दर्शन घ्यायचे आहे त्यांनी चौथा दिवस राखून ठेवावा. तो दुसऱ्या दिवसात कोंबू नये. संत झेवियर यांचा सण ३ डिसेंबरला असतो आणि त्याआधी नऊ दिवस मोठी गर्दी लोटते, तो काळ टाळावा. चर्च ही आजही उपासनेची स्थळे आहेत. खांदे व गुडघे झाकणारा वेश असावा, प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर शांत बसावे. आपल्या ज्येष्ठांना हे सांगावे लागत नाही. त्यांच्याकडे पाहून नातवंडांना मात्र ते शिकता येते.